टिळकांवरील राजद्रोहाचे खटले
लोकमान्य बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांच्यावर ब्रिटिश सरकारने १८९७, १९०८ व १९१६ मध्ये केलेल्या न्यायालयीन कारवाया. राजकीय स्वरूपाच्या खटल्यांत न्यायालयांविषयी लोकांच्या मनात अविश्वास का उत्पन्न होतो, याचे हे खटले बोधप्रद उदाहरण होत.

केसरीतील शिवाजी उत्सवाचे वृत्त व एक कविता यांवरून १८९७ साली पहिला खटला झाला. भारतीय दंड संहितेच्या कलम १२४ अ मधील ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा केवळ अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीस सांगितला. या व्याख्येमुळे सरकारवरील कोणतीही कठोर टीका गुन्हा ठरू शकत होती. सहा यूरोपीय ज्यूरर दोषी, तर तीन हिंदी ज्यूरर निर्दोष अशा मताचे झाले. बहुमतानुसार दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. मते वंशानुसार विभागली गेल्याने निर्णय पुराव्यावर झाला की वंशावर, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला.

मुझफ्फरपूर येथील बाँबस्फोटानंतर (३० एप्रिल १९०८) केसरीत आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून दुसरा खटला भरण्यात आला. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले दिनशा दावर हेच आता न्यायाधीश होते, बॅ. जिना यांनी केलेला जामीन-अर्ज त्यांनी फेटाळला. बचाव पक्षाच्या विरोधास न जुमानता विशेष ज्यूरी नेमण्यात आली. तीत सात यूरोपीय व दोन पारशी होते. लेख मराठीत, तर ज्यूरर मराठी न जाणणारे. त्यामुळे शब्दांच्या छटा सरकारी भाषांतरावरून ठरविल्या गेल्या. टिळकांनी स्वतःच बचाव केला. सुमारे एकवीस तास चाललेल्या त्यांच्या भाषणाचा मोठा भाग भाषांतरातील दोष दाखविण्यात खर्ची पडला. २२ जुलै रोजी सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले व त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड झाला. ती शिक्षा त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. गोळीबारात काही जण मृत्युमुखी पडले.

तथापि हा अविश्वास सरसकट नव्हता. १९१६ मध्ये बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका व जामीनदार मागितले. टिळकांच्या वतीने जिना उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी भाषणांचा समग्र आशय पाहून ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हा हुकूम रद्द केला. या वेळी ज्यूरी नव्हती आणि निर्णय कारणांसह लेखी दिला गेला. न्यायालय तेच होते. फरक मुख्यतः कार्यपद्धतीचा होता. यावरून असे दिसते, की अविश्वासाचे मूळ न्यायाधीशाच्या वैयक्तिक सचोटीपेक्षा कायद्याची संदिग्धता, निवाडा करणाऱ्यांची निवड व अभियुक्ताच्या भाषेचे अज्ञान यांत अधिक होते.

मुंबई उच्च न्यायालयात १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते एका फलकाचे अनावरण झाले. मानवी न्यायसभेहून श्रेष्ठ शक्तीचा निर्देश करणारे टिळकांचे १९०८ मधील उद्गार त्यावर कोरले आहेत. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्यानेच ती चूक असल्याची ही कबुली होय. केदारनाथ सिंह खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने हिंसेस वा सार्वजनिक अव्यवस्थेस चिथावणी देण्यापुरताच राजद्रोह मर्यादित केला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी-पद्धतीस स्थान राहिले नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही; मात्र देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी कलम १५२ आहे. ते न्यायालये किती काटेकोरपणे लावतात, यावर त्यांची विश्वासार्हता अवलंबून राहील.