बैठका पुन्हा सुरू केल्या, मांड्या भरून आल्या

रोवणी आटोपली की कटंगीतली आपली मंडळी पुन्हा जोर-बैठकांकडे वळतात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरतात. आम्हीही त्यातलेच. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच हे सुचवले होते. दोष उगाच लॅक्टिक आम्लाला देतात. ते तासा-दीड तासात निघून जाते, दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते.

पूर्वी शंभर मारत असाल तर आता वीसच मारा, दोन दिवस थांबा. हलके चालावे. तेलमालिशने बरे वाटते, एवढेच. पुढच्या खेपेला त्याच बैठका कमी दुखतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.