ईमेलची माळ कशी गुंफली जाते?

सरकारी कचेरीतून आलेल्या पत्रात मजकुराच्या वर दोन ओळी बहुधा आढळतात: एक ‘विषय’ व दुसरी ‘संदर्भ’. ज्या पत्राला उत्तर द्यावयाचे, त्याचा क्रमांक व दिनांक संदर्भाच्या ओळीत असतो. त्यावरून कारकून नवे पत्र नेमक्या फायलीत लावतो. एकाच संभाषणातील ईमेल एकत्र आणणारी संगणकाची आज्ञावली हेच काम करते.

प्रत्येक ईमेलला एक शीर्षभाग असतो. त्यातील पुष्कळशा नोंदी वाचकाच्या दृष्टीस पडत नाहीत. संदेश निघताना त्याला इतर कोणत्याही संदेशास नसलेली अशी एक खूण मिळते. तिला ‘मेसेज-आयडी’ म्हणतात. उत्तर धाडले, की त्याच्या शीर्षभागात ‘इन-रिप्लाय-टू’ या नावाने मूळ संदेशाची खूण नोंदली जाते. ‘रेफरन्सेस’ या तिसऱ्या नोंदीत आधीच्या संदेशांच्या खुणा वंशावळीप्रमाणे क्रमाने येतात. १९८२ सालच्या ‘आरएफसी ८२२’ या नियमपत्रात या तिन्ही नोंदी आहेत.

आता, केवळ जनकाचे नाव पुरे असताना वंशावळ कशाला, असा प्रश्न सहज मनात येईल. समजा, ‘क’ला उत्तर ‘ख’ आणि ‘ख’ला उत्तर ‘ग’ असे तीन संदेश आहेत. पैकी ‘ख’ पुसला गेला, तर जनकाच्या नोंदीवरून ‘ग’ निराधार ठरेल. वंशावळीत मात्र ‘क’चेही नाव आहे. म्हणून ‘ख’ची जागा रिकामी धरून ‘ग’ला ‘क’च्या शाखेत बसविता येते. जेमी झाविन्स्की यांनी नेटस्केपच्या आज्ञावलीसाठी रचलेली, आणि पुढे प्रसिद्ध झालेली, पद्धती अशीच चालते.

या नोंदी नसतील, तर विषयाची ओळ पाहावी लागते. तिच्या आरंभीचे ‘री’ हे उत्तराचे चिन्ह वगळून उरलेले शब्द जुळविले जातात. परंतु हा आधार कच्चा आहे. ‘बैठकीची सूचना’ या एकाच विषयाची, परस्परांशी संबंध नसलेली दोन पत्रे त्यामुळे एका माळेत जाऊ शकतात.

याउलट चूक माणसाच्या हातूनही घडते. एखादी विद्यार्थिनी शिष्यवृत्तीसंबंधी नवी विचारणा करताना पत्ता शोधण्याचा त्रास नको म्हणून शाळेच्या गतवर्षीच्या ईमेललाच उत्तर देते आणि विषय बदलते. काही आज्ञावल्या विषय बदलताच नवी माळ सुरू करतात. परंतु केवळ वंशावळ पाहणारी आज्ञावली ते पत्र निकालात निघालेल्या जुन्या माळेत ठेवते. तेथे ते वाचकाच्या नजरेतून निसटले, तर अर्जाची मुदत टळून जाऊ शकते.

यास्तव चालू गोष्टीचे उत्तर त्याच संदेशाला द्यावे. नवी गोष्ट मात्र नव्या पत्रानेच आरंभावी. यंत्र हेतू जाणत नाही. ते केवळ खुणा जुळविते.