घरचं मैदान, पण घरापासून लांब

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या कनेक्टिकट राज्यात स्टॉर्स नावाचं एक गाव आहे. गाव म्हणजे मुख्यतः विद्यापीठच. 1881 साली शेतकी शाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत आज पदवीचे वीस हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. आजूबाजूला कुरणं, जंगल, दगडी कुंपणं आणि विद्यापीठाच्याच गोठ्यातल्या दुधाचं आइस्क्रीम विकणारं प्रसिद्ध दुकान. या युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकटचा, म्हणजे 'यूकॉन'चा, बर्फावरची हॉकी खेळणारा पुरुषांचा संघ 2014 ते 2023 या काळात घरचे बहुतेक सामने हार्टफर्डला खेळत होता. हार्टफर्ड ही राज्याची राजधानी. स्टॉर्सपासून रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. घरचा सामना बघायला विद्यार्थ्यांनी पाऊण तास बसमध्ये बसून परगावी जायचं, अशी ही व्यवस्था होती. ती चांगली की वाईट, यावर तिथे आजही दोन तट आहेत.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि हिरवं मैदान डोळ्यांसमोर येतं. बर्फावरच्या हॉकीशी आपला संबंध लडाखच्या बातम्यांपुरता, आणि बर्फाच्या रिंकशी मुंबईकरांचा संबंध होता तो गोराईच्या एस्सेलवर्ल्डपुरता. म्हणून दोन शब्द खेळाबद्दल. बर्फाचं रिंक 200 फूट लांब, 85 फूट रुंद. भोवती कठडा आणि त्यावर जाड काच. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, म्हणजे पक. ती जास्त उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव आणि मधल्या दोन विश्रांतींमध्ये बर्फ गुळगुळीत करणारं झांबोनी नावाचं यंत्र रिंकवर डुलत फिरतं. व्यावसायिक हॉकी मारामाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. कॉलेजच्या हॉकीत ठोसे मारले तर खेळाडू थेट बाहेर, वर पुढच्या सामन्यालाही मुकतो. पोरांच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. वेग मात्र तोच. काचेला लागून बसलात आणि दोन धटिंगण तुमच्या नाकासमोर त्या काचेवर आदळले, की पहिल्यांदा माणूस खुर्चीतून मागे सरकतोच.

कॉलेज हॉकीचा खरा जीव मात्र गोलपोस्टच्या मागे असतो, विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये. तिथे कोणी बसत नाही. कॉलेजचा बँड तिथेच वाजतो, प्रतिस्पर्धी गोलकीपरचं नाव लांबवून लांबवून म्हटलं जातं, आणि त्याने गोल खाल्ला की दोष कोणाचा हे साऱ्या स्टँडकडून त्याला एका सुरात ऐकवलं जातं. तिकिटाचे पूर्ण पैसे मोजून आलेला पन्नाशीचा गृहस्थही अर्धा वेळ त्या पोरांकडेच बघत असतो.

मग अशा संघाला हार्टफर्डला कशासाठी नेलं? कारण साधं होतं. 2012 साली यूकॉनला 'हॉकी ईस्ट' या लीगमध्ये प्रवेश मिळाला. बोस्टन कॉलेज, बोस्टन युनिव्हर्सिटी, मेन अशा दादा संघांची ही लीग. 2014 च्या हंगामापासून तिथे खेळायचं होतं आणि कॅम्पसवरचं रिंक त्या तोलामोलाचं नव्हतं. 1998 मध्ये बांधलेलं ते फ्रायटस आइस फोरम म्हणजे सरावाच्या शेडला बाकं जोडावीत तसं. नवं बांधायला पैसे आणि वर्षं लागणार. हार्टफर्डच्या मध्यवस्तीत चौदा-पंधरा हजार खुर्च्यांची एक्सएल सेंटर ही अरीना तयारच होती. यूकॉनचे बास्केटबॉलचे संघ काही सामने कॅम्पसवर आणि काही तिथे, असे वर्षानुवर्षं खेळतच होते. फुटबॉलचा संघ तर 2003 पासून सगळे घरचे सामने हार्टफर्डशेजारच्या ईस्ट हार्टफर्डमध्ये खेळतो. थोडक्यात, परगावी 'घर' करण्याची या विद्यापीठाला सवयच आहे.

एक्सएल सेंटर या अरीनाचा इतिहास मोठा नाट्यमय आहे. हार्टफर्ड सिव्हिक सेंटर या नावाने ती 1975 मध्ये उघडली. छताचा प्रचंड लोखंडी सांगाडा संगणकाच्या मदतीने आखलेला होता, आणि त्यामुळे खर्चात मोठी बचत झाली म्हणून कौतुकही झालं होतं. उभारणीच्या वेळीच छत हिशेबापेक्षा जास्त वाकतंय हे मोजमापात दिसलं होतं. 'असं थोडंफार व्हायचंच' म्हणून ते सोडून दिलं गेलं. 18 जानेवारी 1978 च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास, बर्फ साचलेलं ते सगळं छत खाली कोसळलं. आदल्या रात्री तिथे यूकॉनचाच बास्केटबॉलचा सामना झाला होता, आणि पाचएक हजार प्रेक्षक त्याच छताखालून काही तासांपूर्वी घरी गेले होते. कोणाला खरचटलंही नाही. अभियांत्रिकीच्या वर्गांत आजही ही घटना शिकवतात.

दुरुस्त होऊन, आणखी मोठी होऊन अरीना 1980 मध्ये पुन्हा उघडली आणि हार्टफर्ड व्हेलर्स या व्यावसायिक संघाचं घर झाली. गॉर्डी हाव हा हॉकीतला दादा माणूस आपल्या दोन मुलांसह या संघातून खेळला. 1997 मध्ये संघ नॉर्थ कॅरोलिनाला निघून गेला. हार्टफर्डने ते अजून मनातून काढलेलं नाही. देवमाशाच्या शेपटीचं हिरवं-निळं बोधचिन्ह असलेल्या टोप्या आजही तिथे रस्त्यात दिसतात. म्हणजे यूकॉनचा संघ आला तो एका रिकाम्या झालेल्या देवघरात.

सुरुवात तर झकास झाली. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये लीगमधला घरचा पहिला सामना बोस्टन कॉलेजविरुद्ध होता. यूकॉनचे प्रशिक्षक माइक कॅव्हनॉ हे त्याच बोस्टन कॉलेजचे अनेक वर्षांचे सहप्रशिक्षक. आठ हजारांवर प्रेक्षक आले आणि यूकॉनने 1-0 असा सामना जिंकला. कॅम्पसवरच्या जुन्या रिंकमध्ये याच्या पावपट माणसंही नीट मावली नसती. त्या रात्री 'हार्टफर्ड नको' असं म्हणायची कोणाची हिंमत झाली नसती.

पण बोस्टन कॉलेज रोज येत नाही. जानेवारीतला एखादा शुक्रवार घ्या. बाहेर उणे दहा तापमान. सात वाजता सामना, म्हणजे स्टॉर्सहून सहाच्या आत बस पकडायची. त्याआधी प्रयोगशाळेचं काम संपवायचं आणि मेसमध्ये घाईने काहीतरी पोटात ढकलायचं. सामना साडेनऊला संपतो, सगळी पोरं गोळा होईपर्यंत बस हलत नाही, खोलीवर पोचायला अकरा. संघ हरला असेल तर तो परतीचा अंधारा रस्ता आणखी लांब वाटतो. शिवाय 'चल, दोन डाव बघून परत येऊ' हा प्रकारच नाही. कॉलेजातल्या पोरांच्या निम्म्या गोष्टी अशा आयत्या वेळी ठरतात. खोलीवरून उठून दहा मिनिटांत पोचता येत असेल तर हॉकीतलं ओ की ठो न कळणारा मित्रही येतो आणि तिसऱ्या सामन्यापर्यंत पक्का चाहता होऊन बसतो. बसच्या वेळापत्रकात हा मित्र गळतो. आधीपासून वेडे असलेले तेवढे उरतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि आपल्या लोकांना ती जास्त कळेल. हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचं शहर. एट्ना, ट्रॅव्हलर्स, द हार्टफर्ड या कंपन्यांच्या संगणक विभागांमुळे ग्लॅस्टनबरी, साउथ विंडसर, रॉकी हिल या उपनगरांत भारतीय वस्ती भरपूर. त्यात मराठी घरंही आली. राज्यातल्या रहिवाशांना फी कमी म्हणून यांची मुलं मोठ्या संख्येने स्टॉर्सला जातात. अशा आईबाबांना हार्टफर्डचा सामना सोयीचा. ऑफिस सुटल्यावर वाटेतच अरीना, गाडी झाकलेल्या पार्किंगमध्ये, आसपास खायची ठिकाणं. याउलट रात्री बर्फ पडत असताना स्टॉर्सचा रस्ता म्हणजे शेवटचा टप्पा दुपदरी, दिवे कमी, आणि कधी हरीण आडवं येईल याचा नेम नाही. माजी विद्यार्थ्यांचंही तेच. राज्यभर पसरलेल्या माणसांना राजधानी मध्यावर पडते, कॅम्पस कोपऱ्यात.

तेव्हा 'अरीना चाहत्यांना सोयीची आहे का' या प्रश्नाला आधी 'कुठल्या चाहत्यांना' असं विचारावं लागतं. माझं मत विचाराल तर पारडं पोरांकडे झुकतं, आणि त्याचं कारण भावनिक नाही. हार्टफर्डच्या पन्नाशीच्या गृहस्थाला जे बघायला आवडतं ते वातावरण पोरंच तयार करतात. ती आली नाहीत तर त्याची सोय होते, पण मजा जाते. पंधरा हजारांच्या अरीनात तीन हजार माणसं बसली की ओरडा वर जातो आणि परत येत नाही. तेच तीन हजार लोक बुटक्या छताखाली कोंबले की पाहुण्या संघाला आपल्याच प्रशिक्षकाचं बोलणं ऐकू येत नाही. रिकाम्या खुर्च्या दूरदर्शनवरही दिसतात, आणि ज्याला संघात घ्यायचंय तो सतरा वर्षांचा खेळाडू त्या बघत असतो.

पुण्याच्या क्रिकेटवेड्यांना हे वेगळं सांगायला नको. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवरून आंतरराष्ट्रीय सामने द्रुतगती मार्गालगतच्या गहुंजेला गेले, स्टेडियम मोठं आणि देखणं मिळालं. पण पेठेतून सायकल काढून सामन्याला जाण्याचा विषय कायमचा संपला.

केवळ अंतराला दोष द्यायचा तर डुलुथचं काय, असा प्रश्न येतो. मिनेसोटा राज्यातल्या या गावात विद्यापीठ टेकडीवर आणि संघाची ॲमसॉइल अरीना खाली, लेक सुपीरियरच्या काठाला. काही किलोमीटरचंच अंतर, पण कॅम्पसबाहेरच. 2010 च्या डिसेंबरात ती उघडली, त्याच हंगामात संघ पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला. पुढे 2018 आणि 2019 मध्येही. तिथे तक्रार फारशी ऐकू येत नाही, कारण अरीना साडेसहा हजारांच्या आसपास प्रेक्षकांची, संघाच्या मापाची. गावात हॉकीचा दुसरा मोठा संघ नाही, त्यामुळे सगळं गाव या पोरांना आपलं मानतं. हार्टफर्डचं मन मात्र व्हेलर्समध्ये अडकलेलं, आणि त्याच बर्फावर हार्टफर्ड वुल्फ पॅक हा दुय्यम लीगचा व्यावसायिक संघही खेळतो. यूकॉन तिथे भाडेकरूच होतं. भाडेकरूला तारखा उरल्यासुरल्या मिळतात, आणि खाणंपिणं-पार्किंगच्या कमाईवर त्याचा हक्क नसतो.

कोलोरॅडो कॉलेजची कहाणी याहून बोलकी. जेमतेम दोन हजार विद्यार्थ्यांचं हे कॉलेज 1950 आणि 1957 चं राष्ट्रीय विजेतं. राष्ट्रीय स्पर्धेची पहिली दहा वर्षं त्याच्याच गावात, ब्रॉडमूर हॉटेलच्या रिंकवर झाली. पण घरचे सामने खेळायला स्वतःच्या कॅम्पसवर रिंक असं नव्हतंच. 1998 पासून संघ गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वर्ल्ड अरीनात सात हजारांवर खुर्च्यांपुढे खेळायचा. 2021 मध्ये कॉलेजने कॅम्पसवर एड रॉबसन अरीना बांधली, ती जाणूनबुजून लहान: 3,407 जागांची. ॲरिझोनात तर उलटीच गंमत झाली. विद्यापीठाने 2022 मध्ये पाच हजारांची मलेट अरीना बांधली आणि घर हरवलेला कायोटीज हा व्यावसायिक संघच दोन हंगाम तिथे भाड्याने राहिला.

यूकॉननेही शेवटी कॅम्पसवरच नवं रिंक बांधलं. सुमारे सात कोटी डॉलर खर्चून स्टॉर्समध्ये टोस्कॅनो फॅमिली आइस फोरम उभं राहिलं आणि 14 जानेवारी 2023 रोजी पुरुष संघाचा पहिला सामना तिथे नॉर्थईस्टर्नविरुद्ध झाला. जागा 2,600 च्या आसपास. महिलांचा संघही तिथेच खेळतो, ही गोष्ट या वादात कोणी फारशी बोलत नाही, पण महत्त्वाची आहे. महिलांना जुन्या रिंकमध्ये ठेवून पुरुष तेवढे मोठ्या अरीनात, हे दृश्य शोभणारं नव्हतं. 2025 मध्ये पुरुष संघ इतिहासात पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरला आणि राज्यातल्याच क्विनिपिॲकला हरवून पुढच्या सामन्यात पेन स्टेटकडून जादा वेळेत हरला. हे यश नव्या रिंकमुळेच मिळालं असं कोणी म्हणू नये. खेळाडू घडवायला दहा वर्षं लागली आणि त्यातली बरीचशी हार्टफर्डची होती.

नव्या रिंकचीही अडचण आहेच. संघ चांगला खेळायला लागला आणि 2,600 जागा अपुऱ्या पडू लागल्या. मोठ्या सामन्याचं तिकीट मिळत नाही म्हणून आता ग्लॅस्टनबरीचा गृहस्थ कुरकुरतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. हजारभर जागा जास्त ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मलाही वाटतं. पण त्यावरचा उपाय पुन्हा सगळा संघ हार्टफर्डला नेणं हा नव्हे. नेहमीचे सामने स्टॉर्समध्येच व्हावेत. वर्षातून दोन-तीन शनिवारी, बोस्टनचे संघ येतील तेव्हा, हार्टफर्डची मोठी अरीना घ्यावी, पोरांसाठी पुरेशा बस सोडाव्यात आणि ती एक जत्रा करावी. त्या अरीनाचं नूतनीकरण झालं असून 2025 पासून तिचं नाव पीपल्सबँक अरीना आहे.

कोणाची मुलगी, भाचा किंवा पुतण्या तिथे शिकत असेल आणि ऑक्टोबर ते मार्च या दिवसांत तुमचं जाणं झालं, तर एक सामना जरूर बघा. स्टॉर्सचंच तिकीट काढा, आणि आधी काढा. आत बर्फ असतो, तेव्हा स्वेटर अंगावरून उतरवू नका. जागा विद्यार्थ्यांच्या स्टँडच्या बाजूची मागा.