मुलीची तक्रार कॉलेजात गेली, पुढे काय?

बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पुढे आहे, आणि त्यातही मुली पुढे. निकाल लागला की मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या कॉलेजांत आणि तिथून पुढे रत्नागिरी, कोल्हापूर, मुंबई, गोव्याला आपल्या मुली जातात. कुणाच्या बापाने आंब्याचे पैसे घातलेले असतात, कुणाच्या आईने मासे विकून फी भरलेली असते. प्रवेश घेताना आपण फी विचारतो, एस.टी.चा पास विचारतो, हॉस्टेलचं जेवण विचारतो. एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. मास्तर, शिपाई किंवा वर्गातला मुलगा मुलीच्या अंगचटीला आला, तर तिने सांगायचं कुणाला? आणि सांगितल्यावर होतं काय?

पत्रादेवीच्या पलीकडे

चौकशी चुकली तर किती महाग पडते, हे आपल्या शेजारच्या गोवा विद्यापीठात दिसलं. तिथल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. विद्यापीठाच्या समितीने चौकशी केली आणि २०१० साली प्राध्यापकाला बडतर्फ करण्यात आलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली ते कायम केलं. प्रकरण मिटलं असंच कुणालाही वाटलं असतं. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द ठरवली. समितीने घाई केली, मे महिन्यात बैठकांवर बैठका घेतल्या, समोरच्या माणसाला बाजू मांडायला पुरती संधी दिली नाही, हे कारण. मुलींना न्याय देण्याच्या धडपडीत मुलींचंच नुकसान झालं, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. तक्रार खरी की खोटी यावर हा निकाल नव्हता. चौकशी ५ मे २००९ च्या टप्प्यापासून पुन्हा करा, असा तो आदेश होता. म्हणजे चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून! मेर नीट घातली नाही तर पाऊस कितीही पडो, शेतात पाणी ठरत नाही. चौकशीचंही तसंच आहे.

नियम काय सांगतात

या कायद्याचं मूळ एका खेड्यात आहे. राजस्थानातल्या भटेरी गावात बालविवाह रोखायचं काम करणाऱ्या भंवरी देवींवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्यातून ‘विशाखा’ खटला उभा राहिला. कामाच्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ ला सांगितलं. २०१३ साली कायदा झाला, आणि मे २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांसाठी वेगळे नियम जारी केले.

त्यानुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही बसतात. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्यांना समितीत जागा नाही. महिला विकास कक्षाचे कार्यक्रम होतात म्हणजे समिती आहे, असं धरून चालू नये. समिती नेमलीच नाही तर कायद्यात ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

तक्रार लेखी द्यायची, तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्याला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला जाते, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं, आणि ९० दिवसांत चौकशी पुरी. त्या काळात त्या मास्तराला मुलीचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येतं, मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळते. तेव्हा ‘मार्क कापतील’ म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

गावाचाही संबंध येतो

हे सगळं कॉलेजच्या फाटकाच्या आतलं, असं समजू नका. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर आपल्या शाळेत भरतं, मुलं-मुली सहली-प्रकल्पासाठी गावात राहायला येतात. शिबिर, सहल, क्रीडास्पर्धा, कॉलेजची गाडी, हे सारं नियमांच्या कक्षेत आहे. शिबिर घेणाऱ्या ग्रामपंचायतीने मुलींच्या राहण्याची, दिव्याबत्तीची, न्हाणीघराची सोय बघावी, आणि तक्रार कुणाकडे करायची ते नाव पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायला लावावं.

अकरावी-बारावीची मुलगी बहुधा अठराच्या आतली असते. तिथे २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा लागतो. गुन्हा कळूनही पोलिसांत न कळवणं हाच गुन्हा. हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिथे ‘आधी आमची समिती बघेल’ हे चालत नाही.

संस्थाचालकाविरुद्धच तक्रार असेल तर कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी तक्रार घेतो आणि सात दिवसांत तिकडे पाठवतो. या नेमणुका पुऱ्या करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ ला, त्याच गोव्याच्या खटल्यात, देशभरच्या सरकारांना बजावलं. आपल्या तालुक्याचा अधिकारी कोण, हे सरपंचांनी तहसीलमध्ये विचारून नाव-फोन ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं.

मिटवामिटवी नको

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच. “चेडवाचा नाव खराब होतला, गप रवया,” असं घरातलंच कुणीतरी म्हणतं. मग मुलीला परत बोलावतात, शिक्षण बंद, आणि वर्षभरात लग्न. गुन्हा करणारा जागच्या जागी राहतो, शिक्षा मुलीला. काही ठिकाणी चार माणसं बसून पैशावर तोडगा काढू बघतात. मुलीनेच मागितल्याशिवाय समितीला समेट करता येत नाही, आणि पैसा हा समेटाचा आधार होऊ शकत नाही. बलात्कारासारखा गुन्हा तर गावकीत मिटवायचा विषयच नव्हे. मुलगी मुंबईत शिकत असली तरी १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याप्रमाणे मालवणच्या ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो, पुढे तो तिकडे वर्ग होतो.

बदनामीची भीती खरी आहे, म्हणूनच समितीच्या कामात नाव गुप्त ठेवण्याची सक्ती आहे. पारावर आणि चहाच्या टपरीवर तीच सक्ती आपण स्वतःवर घालावी. आरोप झालेल्या माणसालाही बाजू मांडू द्यावी. त्यात मुलीचंच भलं आहे, गोव्याच्या निकालाचा धडा तोच.

यंदा प्रवेशाच्या रांगेत उभे राहाल तेव्हा फीच्या पावतीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. समिती नेमली आहे का? अध्यक्षबाई कोण, फोन काय? बाहेरची सदस्य कोण? उत्तर देताना कारकून घुटमळला, तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारा. आणि ती तीन नावं मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.