कुजलेल्या तंबूतली साखर

पावसाळ्यात पेटीतली गोधडी बाहेर काढली की तिच्यावर काळे-हिरवे डाग दिसतात. घरातली बाई चिडते, गोधडी उन्हात टाकते आणि म्हणते, "बुरशीनं खाल्ली." ती अगदी शास्त्राला धरून बोलते. बुरशी सुती कापड खरोखरच खाते. ते कसे खाते, हे शोधण्यात काही शास्त्रज्ञांनी आपली उमेदीची वर्षे घातली. त्यांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैन्य पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर उतरले. तिथल्या दमट हवेत तंबू, पट्टे, पिशव्या बघता बघता कुजू लागल्या. बूगनव्हिल बेटावरच्या एका तंबूच्या कापडावर जी बुरशी सापडली तिला नुसता नंबर मिळाला : क्यूएम ६ ए. लष्कराच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ एल्विन रीझ यांनी तिचा अभ्यास हाती घेतला. कापड वाचवायचे तर आधी बुरशी ते पचवते कसे, हे कळायला हवे होते.

इथे ज्वारीचे उदाहरण घेऊ. दाणा आपण खातो, कडबा बैलाला घालतो. दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातला सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोज साखरेच्याच माळा. फरक आहे तो मणी ओवण्यात. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतला विकर, म्हणजे एन्झाइम, ती माळ तोडतो. मुलांना करून बघायला सांगा. कडब्याची माळ तोडणारा विकर मात्र आपल्याजवळ नाही. खरे म्हणजे बैलाजवळही नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात.

बुरशी हे विकर अंगाबाहेर सोडते. एक विकर धागा मधेच तोडतो, दुसरा टोकापासून दोन-दोन मणी काढत जातो, तिसरा त्या जोड्या फोडतो. एकेकट्याने फारसे साधत नाही, तिघे मिळून कापडाची साखर करतात.

रीझ यांच्यासोबत मेरी मँडेल्स या शास्त्रज्ञ बाईंनी मॅसॅच्युसेट्समधील नॅटिक येथे वर्षानुवर्षे काम केले. बुरशीवर किरणांचा मारा करून जास्त विकर देणारे वाण तिथे तयार झाले. रद्दी वर्तमानपत्रे दळून त्यांची साखर केली गेली. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि सगळ्यांचे लक्ष या कामाकडे वळले. १९७७ साली बुरशीला रीझ यांच्यावरून 'ट्रायकोडर्मा रीझेई' हे नाव मिळाले. मँडेल्सबाईंच्या नावाची बुरशी मात्र आमच्या ऐकिवात नाही.

साखर आंबवून अल्कोहोल काढणे नवे नाही. त्यापायी किती घरे बुडाली हे आम्ही सांगायला नको. इथे ते पेट्रोलमध्ये मिसळायचे आहे. पण प्रयोगशाळेत जमले ते कारखान्यात परवडतेच असे नाही. काडीतला सेल्युलोज लिग्निनच्या चिवट वेष्टनात असतो. ते आधी वाफेने, आम्लाने सैल करावे लागते, आणि विकरही स्वस्त नाहीत. अमेरिकेत आयोवा राज्यात ड्यूपाँट कंपनीने २०१५ साली मक्याच्या ताटांपासून इथेनॉल काढणारा मोठा कारखाना उघडला आणि २०१७ साली त्यातून अंग काढून घेतले.

आपल्या देशात हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा असा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचे, अशी योजना. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे.

तिकडे पेंढा शेतातच जाळतात, धुराने दिल्लीपर्यंत माणसे खोकतात. तो कारखान्याला गेला तर बरेच. आपल्याकडे कडबा कोणी जाळत नाही, उन्हाळ्यात तोच जनावरांना जगवतो. राहता राहिली कापसाची पऱ्हाटी. तिच्या मोळ्या बांधून शेतमजूर बाया चुलीसाठी घरी नेतात. उद्या पऱ्हाटी विकत घेणारा गावात आला, तर पैसे शेतमालकाच्या हाती पडतील. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तिची चूल मग कशावर पेटणार, हे आम्हाला अजून कोणी सांगितलेले नाही.