अ‍ॅल्युमिनियम आणि हाताचं ज्ञान

ज्ञान म्हणजे काय, हा आपला प्रश्न आज चाकण-भोसरीच्या कारखान्यांत नेऊ. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांसाठी अ‍ॅल्युमिनियमचं डाय-कास्टिंग चालतं. म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात भरायचा. भट्टी सांभाळणारा, साचे घडवणारा, सीएनसी चालवणारा, माल तपासणारा, वेल्डर, अशा कितीतरी नोकऱ्या या धातूभोवती आहेत.

वेल्डरचंच बघू. लोखंड तापलं की लाल होतं, इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याआधी लाल होत नाही. शिवाय वरचा ऑक्साइडचा पातळ थर २००० अंशांपुढेच वितळतो. म्हणून टिग वेल्डिंगला बहुधा एसी करंट घेतात. त्याने तो थर फुटतो. इतकं पुस्तकात मिळेल. पण धातू कधी ओला चमकला, तार कधी द्यायची, हे डोळा आणि हात सरावानेच शिकतात.

अ‍ॅरिस्टॉटल याला ‘टेक्ने’ म्हणतो: कारण जाणून घडवणं. औंधच्या आयटीआयमध्ये मुलं वेल्डिंग शिकतात, तेव्हा कारण आणि सराव दोन्ही शिकतात. मग ‘अभ्यासात कच्चा, म्हणून आयटीआय’ असं आपण घरोघरी म्हणतो, ते कशाच्या आधारावर?