सुकन्या समृद्धी खातं: पैसे सुरक्षित आहेत, पण हातात कधी येतील?

सकाळी साडेआठला मुलीला पाळणाघरात सोडायचं, धावतपळत बस किंवा मेट्रो गाठायची आणि संध्याकाळी सातच्या आत तिला परत घ्यायला पोहोचायचं. आईवडील दोघंही नोकरी करत असतील तर ही धावपळ रोजचीच. अशा घरात मुलीचा खर्चही दोन प्रकारचा असतो. एक आजचा: पाळणाघर, शाळेची फी, व्हॅन, आजारपण. दुसरा पंधरा-सतरा वर्षांनंतरचा: कॉलेज, हॉस्टेल, एखादा महागडा कोर्स.

मुलगी झाली की पेढ्यांबरोबर एक सल्लाही हमखास मिळतो, ‘‘सुकन्या खातं काढलंत का?’’ सल्ला चांगलाच आहे. २०२४ अखेरपर्यंत देशात अशी ४ कोटींहून अधिक खाती उघडली गेली होती. पण खातं काढताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, पैसे बुडणार तर नाहीत ना? ते पैसे नेमके कधी आणि किती हातात येतील, हे विचारायचं मात्र राहून जातं.

खातं नेमकं काय आहे?

‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ मोहिमेचा भाग म्हणून २२ जानेवारी २०१५ रोजी हरियाणातल्या पानिपतमध्ये ही योजना सुरू झाली. मुलगी १० वर्षांची होण्याआधी आई किंवा वडील तिच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत हे खातं उघडू शकतात. वर्षाला किमान २५० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. एका कुटुंबात दोन मुलींसाठी खाती उघडता येतात, जुळ्या-तिळ्या मुलींसाठी सवलत आहे. पैसे १५ वर्षं भरायचे आणि खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी ते पूर्ण होतं.

ज्यांची नोकरी बदलीची आहे त्यांच्यासाठी एक सोय फार उपयोगाची आहे. खातं इंदूरच्या पोस्टात उघडलं आणि पुढे बेंगळुरूला जावं लागलं, तरी ते तिथल्या पोस्टात किंवा बँकेत हलवता येतं. नवीन खातं उघडावं लागत नाही आणि व्याजही थांबत नाही.

सुरक्षित म्हणजे किती सुरक्षित?

आपल्यापैकी अनेकांना सप्टेंबर २०१९ आठवत असेल. रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. आयुष्यभराची बचत एका रात्रीत अडकली. त्यामुळे बँकेत सुकन्या खातं उघडताना मनात शंका येणं साहजिक आहे.

इथे फरक समजून घ्यायला हवा. तुमच्या साध्या बचत खात्यातले किंवा एफडीतले पैसे बँकेकडे असतात आणि बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंतच भरपाई मिळते. सुकन्या खात्यात बँकेची भूमिका फक्त पैसे गोळा करून पुढे पाठवण्याची असते. पैसे जातात केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अल्पबचत निधीत आणि ते परत करण्याची जबाबदारी केंद्र सरकारची असते. म्हणून इथे ५ लाखांची मर्यादा लागू होत नाही. मुद्दल आणि व्याज या दोन्हींबाबत यापेक्षा भक्कम हमी आपल्या देशात मिळणं कठीण.

पण व्याजाचा दर? त्याची मात्र कायमची हमी नाही. अनेकांना वाटतं की खातं उघडलं त्या दिवशीचा दर २१ वर्षं मिळणार. तसं नसतं. सरकार दर तीन महिन्यांनी दर जाहीर करतं आणि तो तुमच्या संपूर्ण शिलकीवर लागू होतो. योजना सुरू झाली तेव्हा हा दर ९.१ टक्के होता, पुढच्याच वर्षी ९.२ झाला. एप्रिल २०२० मध्ये तो ७.६ टक्क्यांवर आला आणि तीन वर्षं तिथेच राहिला. जानेवारी २०२४ मध्ये तो ८.२ टक्के झाला. त्यामुळे ‘‘२१ वर्षांनी अमुक लाख नक्की मिळणार’’ असं कुणी लिहून देत असेल, तर तो आकडा अंदाज आहे एवढं लक्षात ठेवा.

सुरक्षिततेला खरा धोका योजनेत नाही, आपल्या सवयीत आहे. ओळखीच्या माणसाच्या हातात रोख रक्कम द्यायची आणि पासबुक वर्षानुवर्षं उघडून बघायचंच नाही, हे अजूनही चालतं. भरलेल्या प्रत्येक रकमेची नोंद पासबुकात किंवा ऑनलाइन दिसायला हवी. शिवाय ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’च्या नावाने मुलीला २ लाख रुपये मिळतील, असं सांगणारे खोटे फॉर्मही मध्यंतरी वाटले जात होते. त्या मोहिमेत थेट रोख रक्कम देण्याची कोणतीही तरतूद नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. असा फॉर्म व्हॉट्सअॅपवर आला तर आधार नंबर आणि बँकेचे तपशील भरून पाठवू नका.

पैसे हातात कधी येतात?

आता तो राहून गेलेला प्रश्न. खातं ‘मुलगी २१ वर्षांची झाल्यावर’ पूर्ण होत नाही, ते ‘खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी’ पूर्ण होतं. या एका शब्दाच्या फरकाने सगळं गणित बदलतं. मुलगी जन्मल्याबरोबर खातं उघडलं तर ती २१ वर्षांची असताना पैसे मिळतील. ती ८ वर्षांची असताना उघडलं तर २९ व्या वर्षी. तोपर्यंत तिचं शिक्षण संपून तीही कदाचित नोकरीला लागलेली असेल!

मधल्या काळात उच्च शिक्षणासाठी एक दार उघडं आहे. मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हापासून, मागच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस असलेल्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. त्यासाठी प्रवेशाचा किंवा फीचा कागद द्यावा लागतो. ही रक्कम एकदम किंवा वर्षातून एकदा अशी पाच वर्षांपर्यंत हप्त्यांनी घेता येते.

हे आकड्यांत पाहू. समजा, तुम्ही महिन्याला ३,००० रुपये भरता आणि ८.२ टक्के दर कायम राहिला. मुलीच्या जन्माबरोबर सुरुवात केली असेल तर ती १८ वर्षांची होईपर्यंत खात्यात साधारण १३ लाख जमतील, म्हणजे शिक्षणासाठी साडेसहा लाखांच्या आसपास काढता येतील. तेवढेच पैसे भरायला ती ८ वर्षांची असताना सुरुवात केली, तर १८ व्या वर्षी खात्यात साडेपाच लाखांच्या आसपास असतील आणि हातात येतील पावणेतीन लाख. दोन्ही घरांची मासिक बचत सारखीच, योजनाही तीच, पण प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या रकमेत दुपटीहून जास्त फरक. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुलगी तीन-चार वर्षांच्या आत असेल तर हे खातं उत्तम. ती आठ-नऊ वर्षांची असेल तर खातं जरूर काढा, पण कॉलेजच्या फीसाठी फक्त त्यावर विसंबू नका.

आणखी एक कडू गोळी महागाईची. जन्मापासून भरलेल्या त्या ३,००० रुपयांचे २१ वर्षांनी साधारण साडेसोळा लाख होतात. भरलेली रक्कम ५ लाख ४० हजार, म्हणजे तिप्पट! ऐकायला छान वाटतं. पण महागाई सरासरी ६ टक्के धरली, तर त्या साडेसोळा लाखांची किंमत आजच्या हिशेबाने पाच लाखांच्या जवळपास राहते. म्हणजे पैसा महागाईच्या थोडा पुढे धावतो, फार पुढे नाही. पगार वाढला की हप्ताही वाढवायला हवा. १५ वर्षं तोच आकडा भरत राहिलात तर दरवर्षी तुम्ही प्रत्यक्षात थोडं कमीच वाचवत असता.

भरण्याच्या तारखेचाही परिणाम होतो. महिन्याच्या ५ तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. पगार १ तारखेला होत असेल तर ऑटो डेबिट ३ तारखेला लावा. एखादं वर्ष चुकलं तर घाबरू नका, ५० रुपये दंड आणि त्या वर्षाचे किमान २५० रुपये भरून खातं पुन्हा नियमित होतं.

आजच्या पाळणाघराचं काय?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांकडून तुम्ही तिथल्या एका खात्याबद्दल ऐकलं असेल. नोकरदार पालक पाळणाघराच्या खर्चासाठी त्या ऑनलाइन खात्यात ८ पौंड भरतात, त्यात सरकार २ पौंड घालतं. एका मुलासाठी वर्षाला २,००० पौंडांपर्यंत मदत मिळते, मूल दिव्यांग असेल तर ४,०००. ते पैसे लगेच, त्याच महिन्याच्या पाळणाघरासाठी वापरता येतात. आपल्याकडे असं खातं नाही. सुकन्या खात्यातून पाळणाघराची किंवा पहिलीच्या वर्गाची फी भरता येत नाही.

म्हणून एक चूक टाळा. करबचतीच्या घाईत मार्चमध्ये मोठी रक्कम सुकन्यात भरायची आणि जूनमध्ये शाळेच्या फीसाठी क्रेडिट कार्ड वापरायचं, हा उलटा व्यवहार आहे. कार्डाच्या थकबाकीवरचं व्याज ८.२ टक्क्यांच्या कितीतरी पट असतं. आधी सहा महिन्यांचा घरखर्च सहज काढता येईल अशा ठिकाणी ठेवा, मग सुकन्याचा हप्ता ठरवा. कराच्या बाबतीत, भरलेल्या रकमेवरची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नवीन प्रणाली निवडली असेल तर ती मिळत नाही, व्याज आणि शेवटी मिळणारी रक्कम मात्र करमुक्तच राहते.

आणि हो, ऑफिसमध्येही विचारा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असायला हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यायला हवं. ही सोय मिळाली तर दर महिन्याला वाचणारी रक्कम कोणत्याही योजनेच्या व्याजापेक्षा मोठी ठरू शकते.

हप्ता भरणाराच राहिला नाही तर?

हा विषय घरात कुणी काढत नाही. सुकन्या खात्यात विम्याचं संरक्षण नाही. कमावत्या पालकाचं काही बरंवाईट झालं तर आधी भरलेले पैसे सुरक्षित राहतात, पुढचे हप्ते कोण भरणार? पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर पालकाच्या मृत्यूनंतर खातं मुदतीआधी बंद करण्याची परवानगी मिळू शकते, पण तेव्हा त्यात रक्कम कितीशी असणार? म्हणून आई आणि वडील दोघांच्याही नावाने साधा टर्म इन्शुरन्स हवा. ‘‘घर तर यांच्या पगारावर चालतं’’ म्हणून आईचा विमा टाळणारी घरं अजून भरपूर आहेत.

आजी-आजोबांनी हौसेने नातीचं खातं उघडलं असेल तर पासबुकावर पालक म्हणून कुणाचं नाव आहे, ते बघा. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार अशा खात्याचं पालकत्व आई-वडील किंवा कायदेशीर पालकाच्या नावावर करून घ्यावं लागतं. पैसे आजोबांनी भरायला हरकत नाही.

मुलगा असेल तर? त्याच्यासाठी सुकन्यासारखी वेगळी योजना नाही. त्याच्या नावाने पीपीएफ उघडता येतं. तिथे एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के दर आहे आणि मुदत १५ वर्षांची, म्हणजे कॉलेजच्या वेळेला जुळणारी. फक्त तुमचं आणि मुलाचं पीपीएफ मिळून वर्षाची मर्यादा दीड लाखच राहते, तेव्हा दोन्ही खाती पूर्ण भरायचा बेत असेल तर तो आधीच बदला.